१२ मेला वजनाचं ऑपरेशन ठरलंय, घरची तयारी काय काय करू?

जिंतूरची_बाई

नमस्कार. खूप दिवस नुसतं वाचायले, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. वय ३८, उंची ५ फूट २ इंच, वजन ११८ किलो. शुगर सहा वर्षांपासून आहे, मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१ आलं, बीपीची गोळी चालू आहे, आणि गुडघे असे झालेत की फळ्यापाशी अर्धा तास उभं राहिलं की खुर्ची लागते. रात्री घोरते, मधेच दचकून उठते, मुलगी म्हणते आई तुझा श्वासच बंद पडतो गं. दुपारच्या तासाला पोरांसमोर डुलकी लागली एकदा, ते मनाला फार लागलं.

डाएट केलं नाही असं नाही. दोनदा पंधरा-पंधरा किलो कमी केलं, दोन्ही वेळा वर्षभरात व्याजासकट परत आलं. आता संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ४७ च्या वर आहे, शुगर आहे, झोपेचा त्रास आहे म्हणून ऑपरेशन सुचवलं. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकतात) का बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात) ते एंडोस्कोपी, म्हणजे पोटात दुर्बीण घालून तपासणी, झाल्यावर सांगणार आहेत. शाळेला सुट्टी लागते म्हणून मीच १२ मे ही तारीख मागून घेतली.

करू का नको हे मला विचारायचं नाही, ते ठरलंय. मला विचारायचंय ते घरचं. आमचं एकत्र कुटुंब, नऊ माणसं, रोजच्या पंचवीसेक भाकरी मी आणि जाऊबाई मिळून थापतो. दवाखान्यातून घरी यायला चार तासाचा रस्ता आहे तो कसा झेपेल, आल्यावर काय खायचं, पातळ पातळ म्हणतात ते आपल्या घरच्या जिनसांतून कसं करायचं, किती दिवसांनी कामाला हात लावायचा, १५ जूनला शाळा सुरू होते तोपर्यंत उभी राहीन का. नवरा तयार आहे पण आतून घाबरलाय. सासूबाई म्हणायल्यात चांगलं धडधाकट पोट कापून टाकायचं हे कुठलं शहाणपण. ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा, चांगलं बी आणि वाईट बी.


लातूरचा_दादा

ताई, मी फेब्रुवारी २०२२ ला स्लीव्ह केली. तेव्हा १३१ होतो, आज ८६ आहे. सगळं आठवतंय तसं सांगतो, क्रम मागेपुढे होईल.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे हेच खरं पहिलं ऑपरेशन समजा. मला भात, भाकरी, साखर, तेलकट सगळं बंद करून प्रोटीनवालं कमी कॅलरीचं खाणं दिलं होतं, दिवसाला ८००-१००० कॅलरी. मला वाटलं उगं वजन थोडं उतरावं म्हणून देतायत, पण डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. जठराच्या वर लिव्हरचा डावा भाग पसरलेला असतो, आपल्यासारख्या वजनाच्या माणसांचं लिव्हर चरबीनं फुगलेलं आणि ठिसूळ असतं, दुर्बिणीनं काम करताना ते उचलून धरावं लागतं. दोन आठवडे पथ्य पाळलं की ते आकसतं आणि त्यांना खाली नीट दिसतं. हे कळल्यावर मी चहात साखरेचा एक दाणा घेतला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखतं, चिडचिड होते, मग शांत होतं. तुमच्या घरात त्या पंधरवड्यात एखादा साखरपुडा-बारसं असेल तर जाऊच नका सरळ, आपल्याकडं पंगतीतला आग्रह तुम्हाला माहीत आहे, वाढणारा हात कुठं थांबतो.

ऑपरेशन दीड तासात झालं, पोटावर पाच छोटी छिद्रं. संध्याकाळीच उठवून चालवलं. तेव्हा राग आला होता पण ते पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून असतं, त्यासाठीच पायात घट्ट मोजे आणि पोटावर रोज एक इंजेक्शन. तीन बॉलचं फुंकणीसारखं यंत्र देतात, ते फुंकायचं नाही, श्वास आत ओढून बॉल वर उचलायचे. आधी घरीच पंधरा दिवस सराव करा म्हणजे त्या दिवशी जमतं. दुखणं म्हणाल तर टाक्यांपेक्षा खांदा जास्त दुखला, पोट फुगवायला जो गॅस भरतात त्याचं दुखणं खांद्यात येतं, दोन-तीन दिवसांत चालून चालून गेलं.

मग पाणी. ताई, पाणी प्यायचं नव्यानं शिकावं लागतं. औषधाचं ३० मिलीचं प्लास्टिकचं माप असतं ना, ते दहा-पंधरा मिनिटांत हळूहळू संपवायचं, पुन्हा भरायचं. दिवसभर तेच काम. मी मोबाईलला गजर लावला होता. एकदा उन्हातून आलो आणि सवयीनं तांब्या तोंडाला लावला, दोनच घोट गेले आणि छातीच्या मधोमध असं दुखलं की भिंत धरून बसलो. त्या दिवशी तांब्या घरच्यांनी माझ्यापुरता माळ्यावर टाकला.

म्हणूनच तुमच्या तारखेचं मला खटकतंय. १२ मे म्हणजे परभणीत ४२-४३ चं ऊन, त्यात दुपारी लाईट गेली तर पंखा नाही. ऑपरेशननंतर माणसं परत ॲडमिट होतात त्यात पाणी कमी पडणं हे मोठं कारण असतं असं मला डिस्चार्जच्या वेळी बजावून सांगितलं होतं. सुट्टी आहे हे खरं, पण डॉक्टरांशी एकदा बोला.

रस्त्याचं: गाडी केली तर दर तासाला थांबवून पाच मिनिटं चाला, पोटावर उशी धरून बसा, आपल्याकडच्या खड्ड्यांना ती उशी फार कामाला येते. वजन उचलायचं नाही, पाच किलोच्या वर काहीच नाही, चार ते सहा आठवडे. म्हणजे पाण्याची घागर नाही, गॅसची टाकी नाही, पिठाचा डबा नाही, परातीत भाकरीचं पीठ जोर लावून मळणं पण नाही. हे घरात आधीच वाटून ठेवा, नंतर सांगायला अवघड जातं.

आणि एक मनाचं. माझ्या वेळी हुरड्याचे शेवटचे दिवस होते. घरचे सगळे शेतात, आगटीपुढं बसून हुरडा, वर तिळाची चटणी, आणि मी बांधावर वरणाचं पाणी घेऊन बसलेलो. भूक नव्हती अजिबात, तरी डोळ्यात पाणी आलं. भूक वेगळी आणि खायची ओढ वेगळी हे त्या दिवशी कळलं. आईनं न बोलता स्वतःच्या हातातला हुरडा खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली. असं एक माणूस घरात पाहिजे ताई, बाकी सगळं होतं.


औसेकर_काका

बाई, राग मानू नका, पण वय ३८ आणि एवढं मोठं पाऊल? रोज पहाटे पाच किलोमीटर चाला, रात्री सातच्या आत ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, गोड बंद. आमच्या पिढीत कुणाचं पोट कापावं लागलं नाही. निसर्गानं दिलेला अवयव काढून टाकला की तो परत येत नाही. पोरीचा विचार करा एवढंच म्हणणं.


नांदेड_आहारतज्ज्ञ

काका, तुमची काळजी कळते आणि चालणं-ज्वारी हे दोन्ही बरोबरच आहे, ते ऑपरेशननंतर पण करावंच लागतं. पण ताईंनी दोनदा पंधरा किलो उतरवलंय, म्हणजे जिद्द कमी नाही. वजन उतरलं की शरीर त्याला संकट समजतं, भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं, शरीराचा कॅलरींचा खर्च कमी होतो, आणि माणूस परत मूळ वजनाकडं ओढला जातो. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग काढतात, आणि घ्रेलिन मुख्यतः ज्या भागात तयार होतं तोच त्यात जातो, म्हणून नुसतं पोट लहान होत नाही तर भूकच मंदावते. बायपासमध्ये अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं, तिथली हार्मोन्स बदलतात, त्यामुळं शुगर बऱ्याचदा वजन उतरायच्या आधीच खाली यायला लागते. बीएमआय ४७, एचबीए१सी ९ च्या वर आणि झोपेत श्वास थांबतोय, अशा माणसाला काहीच न करणं हा पण धोकाच आहे.

ताई, आता तुमच्याशी. मी नांदेडला डाएटचं काम करते, असे पेशंट बघते, पण तुमचा चार्ट तुमच्या टीमचाच पाळा, मी आपल्याकडच्या जिनसा सांगते.

ॲसिडिटी, छातीत जळजळ असेल तर आत्ताच स्पष्ट सांगा, कारण स्लीव्हनंतर काहींना ती वाढते आणि अशा वेळी बायपासचा विचार करतात. झोपेची तपासणी चुकवू नका, सीपॅप मशीन (झोपेत श्वास बंद पडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) लागलं तर ऑपरेशनआधी त्याची सवय करा आणि दवाखान्यात सोबत न्या. बी१२, डी, फेरिटिन (शरीरातला आयर्नचा साठा) आधीच तपासून घ्या, आपल्याकडं शाकाहारी बायकांत बी१२ आणि आयर्न आधीच तळाला असतं, ते भरून मग टेबलावर जायचं.

शुगरच्या गोळ्यांचं नीट ऐका. दोन आठवड्यांच्या कमी खाण्यात नेहमीचा डोस चालू ठेवला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडवाल्यांची. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर ती ऑपरेशनच्या काही दिवस आधी बंद करावी लागते, नाहीतर शुगर नॉर्मल दिसत असताना पण रक्तात ॲसिड वाढतं. वजन कमी करायचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर भूलतज्ज्ञांना सांगा, त्यानं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. मनानं काही बंद करू नका, मनानं चालू पण ठेवू नका, पाकिटं सगळी पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता.

खाणं. पहिले एक-दोन दिवस नुसतं पाणी, पातळ वरणाचं गाळलेलं पाणी, नारळपाणी. मग साधारण दोन आठवडे पातळ पण ताकदीचं: मुगाचं कढण, हुलग्याचं माडगं एकदम पातळ करून गाळून, ताक, दूध, प्रोटीन पावडर. त्यानंतर दोन आठवडे मऊ वाटलेलं, म्हणजे घट्ट वरण, मऊ पनीर, दही, अंडं खात असाल तर उकडलेल्या अंड्यातलं अर्धं कुस्करून. मग मऊ मुगाची खिचडी, दुधी, आणि सहा-आठ आठवड्यांनी हळूहळू घरचं जेवण. भाकरी तेव्हाच, ती पण ताज्या भाकरीचा पापुद्रा वरणात भिजवून. कोरडा घास अडकतो.

प्रोटीन ६० ते ८० ग्रॅम रोज, हाच आकडा फ्रिजवर लिहून चिकटवा. आपला घोळ असा आहे की आपल्याला वाटतं वरण खाल्लं म्हणजे प्रोटीन झालं. एक वाटी वरणात ५-६ ग्रॅम, एका अंड्यात ६, पावशेर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. तेवढं पोट सुरुवातीला मावूनच घेत नाही, म्हणून पावडर लागतेच, ती औषधासारखी घ्यायची. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, मग जागा उरली तर भाकरी. जेवताना पाणी नाही, आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास. सोडा, कोल्ड्रिंक नाही. मिरचीचा ठेचा, येसर, गरम मसाला पहिले दोन महिने लांब.

उपास पहिलं वर्षभर करू नका. एकादशी, श्रावण, सगळे. देवाला कळतं. साबुदाण्यात नुसता स्टार्च आहे आणि तो चिकट गोळा नव्या जठरात जड पडतो.


जिंतूरची_बाई

एवढं सविस्तर लिहिलंत, दोनदा वाचलं, नवऱ्याला पण वाचायला दिलं. काका, राग नाही आला, माझे वडील असते तर हेच म्हणाले असते.

एक गोष्ट लिहायला लाज वाटायली पण लिहिते. मी मिश्री लावते. लग्नाआधीपासून, आईची सवय, मग माझी. सकाळी एकदा आणि शाळेतून आल्यावर एकदा. डॉक्टरांनी विचारलं होतं स्मोकिंग करता का, मी नाही म्हणाले, ते खरंच आहे म्हणा. पण आता वाटायलंय सांगायला पाहिजे होतं का? तंबाखू खाणं आणि मिश्री लावणं एकच धरतात का? आणि पाळी नेमकी त्या तारखेला येते, ती पुढं ढकलायची गोळी घेऊ का?


नांदेड_आहारतज्ज्ञ

ताई, लाज कसली, माझ्याकडं येणाऱ्या दहा बायकांतल्या किती जणी लावतात ते मला विचारा. हो, एकच धरतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. त्यानं रक्तवाहिन्या आकसतात, आतले टाके-जोड भरून यायला वेळ लागतो, बायपास झालं तर जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. साधारण सहा आठवडे आधी बंद आणि नंतर कायमची बंद. आजच फोन करून सांगा. त्यामुळं तारीख बदलली तरी चालेल, लपवून टेबलावर जाऊ नका.

पाळी पुढं ढकलायची गोळी स्वतःच्या मनानं अजिबात नको, हार्मोनच्या गोळ्यांनी गाठ व्हायचा धोका वाढू शकतो. पाळी आली म्हणून सहसा ऑपरेशन थांबत नाही, तारखेआधी सांगून ठेवा. आणि विचारलं नाहीत तरी सांगते, नंतरचे १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नका. वजन उतरलं की पाळी सुधारते, ज्यांना वर्षानुवर्षं राहिलं नाही त्यांनाही अचानक राहतं, आणि तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीवर बायपासनंतर विसंबता येत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना आधीच भेटा.


बीडची_वहिनी

मी जास्त शिकलेली नाही, चुकलं तर समजून घ्या. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, माझ्या धाकट्या जावेचं झालंय म्हणून.

तिचं ऑपरेशन पुण्याला झालं, एकदम छान झालं. घरी आली, पंधरा दिवस बरी होती, मग उलट्या सुरू झाल्या. खाल्लं की उलटी, पाणी प्यालं की उलटी. आम्हाला वाटलं ऑपरेशननंतर असंच असत असेल. इथल्या जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आन ग्लुकोजची सलाईन लावली, बरं वाटलं, घरी आलो. परत उलट्या, परत सलाईन. आपल्याकडं अशक्तपणा आला की सलाईन हे ठरलेलंच आहे. तीन आठवडे असं चाललं. मग एक दिवस ती म्हणायली वहिनी मला तुम्ही दोन दोन दिसायलात. उठून न्हाणीत जायला निघाली तर दारू पिल्यासारखी झोकांड्या खायली, भिंतीला हात लावून बी चालता येईना. दुपारी काय जेवलीस विचारलं तर आठवेना, आन जेवलीच नव्हती.

रात्रीच गाडी काढली. तिथल्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की बी१ जीवनसत्त्व संपलंय, थायमिन म्हणतात त्याला. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो, उलट्या चालू राहिल्या की संपतो, आन ते संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर आणखी ओढून घेतं. आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं असतं, मग ग्लुकोज. शिरेतून मोठे डोस दिले, डोळे आठवड्यात सुधारले, चालणं नीट व्हायला चार महिने गेले. अजून बी अंधारात जिना उतरताना माझा हात धरते. उलट्या का होत होत्या तर जठराची नळी एका जागी अरुंद झाली होती, ती दुर्बिणीनं फुगवून मोठी केली, पंधरा मिनिटाचं काम.

म्हणून हात जोडून सांगते ताई, दोन दिवसाच्या वर उलटी थांबली नाही तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच फोन. आन गावातल्या डॉक्टरांकडं जावंच लागलं तर डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन जा, आन तोंडानं सांगा माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या. आम्ही एका कागदावर लिहून तिच्या पर्समध्ये ठेवलंय, माझ्या बी पर्समध्ये आहे.


लातूरचा_दादा

वहिनी, हे वाचून अंगावर काटा आला. मला हे कुणीच असं उलगडून सांगितलं नव्हतं.

ताई, त्याच कागदावर हे पण लिहा, माझ्या कार्डावर लाल शाईत होतं: ताप, नाडी १२० च्या वर, पोटात वाढत जाणारं दुखणं, दम लागणं, यातलं काहीही पहिल्या काही आठवड्यांत झालं तर रात्र असो पहाट असो लगेच फोन आणि लगेच निघायचं. कापलेल्या जागेतून आतल्या आत गळती होऊ शकते, क्वचित होते, पण झाली तर तासांचा हिशेब असतो. मी खांदेदुखीचं म्हणालो ते गॅसचं, ते दिवसेंदिवस कमी होतं. वाढत गेलं तर गॅस समजून बसू नका. नाडी मोजायचं बोटाला लावायचं यंत्र घरात आणून ठेवा. चार तासाचा रस्ता आहे म्हणून सांगतो, गाडी आणि ड्रायव्हर पहिले पंधरा दिवस ठरवून ठेवा, कुणाकडं रात्री दोनला फोन करायचा ते नाव पक्कं असू द्या. शक्य असेल तर डिस्चार्जनंतर चार-सहा दिवस संभाजीनगरलाच कुणा नातेवाइकांकडं राहा.


जालना_मेडिकलवाला

माझं औषधाचं दुकान आहे, काउंटरवर रोज दिसतं ते सांगतो. व्हिटॅमिनच्या गोळ्या वर्षभर घेऊन लोक बंद करतात, "आता बरं आहे" म्हणून. ताई, या जन्मभराच्या आहेत. कॅल्शियम घेताना सायट्रेट मागा, साधं कार्बोनेट कमी ॲसिडच्या पोटात नीट लागू होत नाही. कॅल्शियम आणि आयर्न एकत्र गिळू नका, दोन तासाचं अंतर ठेवा, नाहीतर आयर्न वाया जातं. चहासोबत तर नाहीच.

दुसरं, गुडघ्याला तुम्ही आत्ता नक्कीच काहीतरी घेत असाल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, त्याच्या मिश्रणाच्या सगळ्या गोळ्या, यानं अल्सर होतो, बायपास झालं तर कायमच्या वर्ज्य. पॅरासिटामॉल चालतं. दुकानात गेल्यावर "अंगदुखीची द्या" असं म्हणू नका, ऑपरेशन झालंय म्हणून सांगा. वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून सहा महिने एक गोळी देतात बऱ्याचदा, ती पण मधेच सोडू नका.

केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतील, फणी भरून येईल. घाबरून तेलं बदलत बसू नका, शरीराला बसलेल्या धक्क्यानं होतं, प्रोटीन-आयर्न नीट असेल तर परत येतात.

मेडिक्लेम असेल तर कागद आत्ताच लावा. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियमात बीएमआय ४० आणि वर, किंवा ३५ आणि सोबत कंट्रोल न होणारी शुगर, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं), हृदयविकार असं काही असेल आणि साध्या उपायांनी वजन उतरलं नसेल तर हे ऑपरेशन धरलं जातं. तुमचं बसतंय. पॉलिसीतला वेटिंग पिरियड बघा, आणि आधी केलेल्या डाएटचे, डॉक्टरांकडं गेल्याचे जुने कागद फेकू नका, तेच लागतात.


जिंतूरची_बाई

काय काय झालं ते सांगते. डॉक्टरांना फोन करून मिश्रीचं सांगितलं. ओरडले नाहीत, बरं झालं सांगितलंत म्हणाले, आणि तारीख पुढं नेली, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर शुगर पण खाली आणायची आहे आणि झोपेची तपासणी करायची आहे. म्हणजे सुट्टी हुकली, चार आठवड्यांची वैद्यकीय रजा टाकावी लागेल, मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. उन्हाचा पण प्रश्न मिटला. मिश्रीचा डबा मुलीनं नेऊन उकिरड्यावर टाकला, आज नववा दिवस. सकाळी हिरड्या शिवशिवतात, मग बडीशेप चावते आणि अंगणात चकरा मारते.

वहिनी, तुमचं लिहिलेलं मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना माझाच आवाज अडकला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं आता म्हणतील, बघ, सांगत होते ना. पण म्हणाल्या, त्या पोरीजवळ तिची जाऊ होती म्हणून वाचली. मग उठून माझ्या जाऊबाईंना सांगितलं की दीड महिना भाकरीला हिला बसवायचं नाही, मी बसते. त्यांचं वय ६७ आहे. जाऊबाई म्हणाल्या, तुम्ही नका, मी बघते, पोरांना पोळ्या लाटायला शिकवते.

महालक्ष्म्या येतील तेव्हा मला अडीच महिने झालेले असतील. पुरणाचं काय ते विचारायचं राहिलं, बायपास ठरलं तर गोडानं घाम फुटून चक्कर येते असं वाचलं.

आणि सासूबाईंनी विचारायला लावलंय, वरण वाटायचं ते मिक्सरला का पुरणयंत्रात, आणि जाळी कुठली.


लातूरचा_दादा

ताई, आमच्याकडं पुरणयंत्रच वापरलं. मिक्सरमध्ये फेस येतो, तो गॅस पोटात जातो आणि वरण गार पण होतं. डाळ नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त, सगळ्यात बारीक जाळी, आणि खाली पडलेलं परत एकदा फिरवून घ्यायचं म्हणजे सालाचा कण राहत नाही. फोडणी नाही, मीठ, हळद आणि जिऱ्याची पूड. पहिल्या दिवशी दोन चमचे, लहान बाळाच्या चमच्यानं, वीस मिनिटं लावून. पुरण पोचेल तेव्हा बघू, बायपास झालं तर बोटावर घेऊन नुसती चव घ्या, नैवेद्य म्हणून.


बीडची_वहिनी

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. डाळ मुगाची घ्या म्हणावं, तुरीची पहिल्यांदा नको, पोट धरते.